पहिला घास आणि निळे भाडेकरू

माझ्या सासूबाईंचा एक नियम आहे. जेवायला बसण्यापूर्वी ताटातला पहिला घास बाहेर ठेवायचा, तो एखाद्या पाखरानं उचलला की मगच आपण जेवायचं. नागपुरात या नियमाचा कुणालाही त्रास नव्हता. गॅलरीच्या कठड्यावर भात टेकायचा अवकाश, समोरच्या कडुलिंबावरून कावळा असा उतरायचा की जणू त्याला घरून डबा आला आहे. आई, म्हणजे सासूबाई, वळून पाटावर बसेपर्यंत कठडा स्वच्छ आणि कावळा पुन्हा आपल्या जागी, चोच पुसत.

मग सासरे गेले आणि आम्ही आईंना इकडे, परदेशी, घेऊन आलो. आमचं घर वॉन नावाच्या शहराच्या उत्तरेला, जिथं गोदामांच्या लांबलचक भिंती संपतात आणि गवताची शेतं सुरू होतात त्या शिवेवर. स्वयंपाकघराच्या काचेच्या दारातून आधी लाकडी ओट्यासारखा डेक दिसतो, डेकपुढे आमच्या हिरवळीचा तुकडा, आणि त्यापुढे दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचं गवत, थेट आभाळापर्यंत. आई आल्या त्या नोव्हेंबरात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डेकच्या कठड्यावर वरणभाताचा घास ठेवला आणि काचेआड उभ्या राहिल्या.

कुणी आलं नाही.

घास निवला, मग गारठला, मग त्याचा पिवळसर खडा झाला. आईंनी शेवटी ताटातलं थंड अन्न निमूट खाल्लं. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तक्रारींना मी उत्तरं देऊ शकते, तेवढं माझ्याकडे भांडवल आहे. पण त्या रोज तशाच उभ्या राहायच्या आणि रोज तसंच गार जेवायच्या. थंडी भरात आली तेव्हा आमच्या कठड्यावर बर्फाच्या टोप्या घातलेल्या घासांची एक ओळच तयार झाली होती, दुरून पाहिलं तर एखादी चिमुकली पर्वतरांग. नवरा डेकवरचा बर्फ फावड्यानं उपसायचा तेव्हा ती ओळ तेवढी सांभाळून सोडायचा. एकदा एका खारीनं घास पळवला. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. आई म्हणाल्या, "खारीला पंख असतात का?"

त्यांचं परतीचं तिकीट जूनअखेरचं होतं. आम्ही दोघंही राहा म्हणत होतो. व्हिसाची मुदत बाकी होती, घरात खोली होती, खोलीला ऊन होतं. पण एका दुपारी त्या काचेपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "जिथं आपल्या हातचा घास कोणी उचलत नाही, तिथं आपण पाहुणे. पाहुण्यानं वेळेवर निघावं."

नाटकात असतं तर या वाक्यावर मी पडदा पाडला असता.

आईंनी जाऊ नये असं मला का वाटत होतं तेही सांगून टाकते, उगाच आदर्श सून म्हणून कुणी माझा सत्कार करायला नको. मला श्रोता हवा होता. मुलगी मॉन्ट्रियलला शिकायला गेलेली, फोनवर मी एखादी गोष्ट सुरू केली की ती इंग्रजीत विचारते, "आई, इज धिस अ लाँग वन?" नवरा कानांना हेडफोन लावून दिवसभर बेसमेंटमध्ये मीटिंगा करतो. आणि मी पडले गोष्टी सांगणारी बाई. ग्रोसरीला जाऊन आले तरी माझे तीन अंक होतात. अशा या घरात बऱ्याच काळानं कुणीतरी मेथी निवडता निवडता माझं सगळं ऐकून घेत होतं, अगदी शेवटपर्यंत, आणि देठ बाजूला सारत निकाल देत होतं: "खोटं आहे, पण छान आहे." एवढ्या निकालावर माझे दोन दिवस मजेत जात.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी मी गावच्या लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले आणि बाहेर बर्फ असा सुरू झाला की विंटर टायरांवरचा माझा विश्वास उडाला. थांबायचंच आहे तर म्हणून एका दालनात डोकावले. आत फळ्या, स्क्रू, ड्रिल, आणि पाखरांसाठी लाकडी पेट्या ठोकत बसलेली माणसं. गावातल्या पक्षिप्रेमी मंडळाच्या एक बाई शिकवत होत्या. पांढरी वेणी, आणि विंगेतून विसरलेलं वाक्य पुरवावं तसा हळू आवाज. त्या सांगत होत्या की काही पाखरं ढोलीतच घरटं करतात, पण ढोली कोरायची ताकद त्यांच्या चोचीत नसते. सुतारपक्ष्यानं कोरायची, एक हंगाम राहायचं, सोडून जायचं, मग यांनी आत शिरायचं. आता वठलेलं झाड दिसलं की लोक तोडतात, कुंपणाचे लाकडी खांब जाऊन लोखंडी आले, ढोल्या उरल्याच नाहीत. ब्लूबर्ड नावाचं निळं पाखरू तर वसंतात नुसतं घर शोधत माळावरून हिंडत असतं.

"भाकरतुकडा दाखवून ती येत नाहीत," असं काहीसं त्या इंग्रजीत म्हणाल्या. "घर द्या, मग येतील."

मी ताठ बसले. घर दिलं की पाखरू, पाखरू आलं की घास, घास उचलला गेला की आई. कट तिथल्या तिथं शिजला आणि मी ड्रिल हातात घेतलं.

बाईंचे नियम साधे होते. पेटीला रंग नको. भोक दीड इंचाचं, त्याहून मोठं नको. दाराशी बसायला दांडी नको. राहणाऱ्याला तिची गरज नसते, ती फक्त गुंड पाखरांच्या सोयीची. समोर मोकळा माळ हवा, पेटी माणसांच्या घरापासून लांब हवी, आणि आसपास धान्य टाकायचं नाही. यातले शेवटचे दोन नियम मी विमानातल्या सीटबेल्टच्या सूचना ऐकतात तसे ऐकले.

घरी येऊन मी पेटी टेबलावर ठेवली आणि आईंपुढे सगळा प्रवेश करून दाखवला. वठलेलं झाड मी, सुतारपक्षी मी, बेघर निळं पाखरूही मीच. आईंनी पेटी उचलून आत डोकावलं, भाड्याची खोली बघायला गेल्यासारखं. हवेसाठी वर फटी आहेत का, पाणी निथळायला खाली भोकं आहेत का, दार उघडून आतली झाडलोट करता येते का, सगळं पाहिलं.

"म्हणजे दुसऱ्यानं बांधलेल्या घरात राहणारी," त्या म्हणाल्या. "भाडेकरू."

त्यांचा अर्धा संसार नागपुरात, महाल भागातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. त्यामुळे हा शब्द त्या तोंड वाकडं करून उच्चारत नाहीत. आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखा उच्चारतात.

मग त्यांनी फर्मावलं की दाराचं तोंड पूर्वेला हवं. मला हसू आलं, कारण वेणीवाल्या बाईंनीही तेच सांगितलं होतं. पश्चिमेकडून वारा आणि पाऊस आत शिरतो म्हणून. वास्तुशास्त्र आणि ते मंडळ यांचं असं परस्पर एकमत झाल्यावर आम्ही कोण बोलणार! मी मात्र गेल्या गणपतीतलं प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण काढून आणलं होतं. प्रवेशद्वार म्हटलं की काहीतरी लटकायला नको का? आईंनी ते माझ्या हातून काढून घेतलं. "पाखराला तोरण काय करायचं आहे बाप्पा? गळ्यात अडकलं म्हणजे?" त्याऐवजी त्यांनी दाराच्या वर कुंकवाचं एक बोट ओढलं. ते बोट आजही आहे, फिकट झालंय.

मार्चमध्ये जमीन थोडी सैल झाली तेव्हा नवऱ्याला बेसमेंटमधून वर बोलावलं. त्यानं किटलीतलं उकळतं पाणी ओतून खड्डा मऊ केला, लोखंडी खांब रोवला, फोन टेकवून तो सरळ उभा आहे का हे तपासलं, आणि रॅकून नावाची चोरटी जनावरं चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचं नळकांडं घातलं. पेटी कुठं लावायची हे मात्र मी ठरवलं: डेकच्या पुढ्यात, स्वयंपाकघराच्या काचेतून अगदी रंगमंचाच्या मधोमध दिसेल अशी. आईंना बसल्या जागी प्रयोग दिसायला हवा होता ना.

एप्रिल उजाडला. बर्फ गेला की इथं काही दिवस असे येतात की सकाळी शेत दिसतच नाही. गवतातून धुकं उठतं आणि आपण दुधाच्या काठावर घर बांधलंय असं वाटतं. त्या दुधातून एक दिवस चिवचिवाट आला. आईंनी नुकताच कठड्यावर घास ठेवला होता. दोन तपकिरी पाखरं उतरली, मग आणखी चार. काळ्या गळपट्ट्याचा नर, मातकट मादी. घास बघता बघता नाहीसा झाला.

"अगं, चिमण्या!" आई म्हणाल्या. "आल्या बघ आपल्या."

त्या दिवशी या घरात पहिल्यांदा आई गरम जेवल्या. वरणावर तूप विरघळताना मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी घास थोडा मोठा झाला, तिसऱ्या दिवशी त्याबरोबर पोळीचा कुस्करा आला. आठवडाभरात कठड्यावर अशी पंगत बसू लागली की वाढपी कमी पडावेत. एका जोडीनं पेटीही ताब्यात घेतली. कुठून कुठून काड्या आणल्या, कपड्यांच्या ड्रायरमधला कापसासारखा लिंट आणला, चिप्सच्या पाकिटाची चमकदार चिंधी आणली. आईंनी तिकिटाचं नाव काढणं सोडलं. मी मनातल्या मनात तीनदा वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला.

आणि मग तो आला.

सकाळची कोवळी उन्हं होती. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. तारेच्या कुंपणावर आभाळाचा एक तुकडा येऊन बसला. दुसरं कसं सांगू? पाठ इतकी निळी की क्षणभर वाटलं डोळ्यांत काही गेलं, आणि छाती विटेसारखी तांबूस, पोट पांढरं. त्याच्या शेजारी त्याची मादी, पण तोच निळा कुणी पाण्यात धुऊन फिका केलेला. गळ्यातल्या गळ्यात गुणगुणावं तसा त्यांचा आवाज होता. ऐकू आला असं म्हणायलाही धीर होत नव्हता.

"नीळकंठ?" आईंनी दबक्या आवाजात विचारलं. आमच्या नागपूरकडे दसऱ्याला नीळकंठ दिसला तर वर्ष चांगलं जातं, लोक त्यासाठी सकाळी गावाबाहेर जातात.

"नाही, हेच ते. ज्यांच्यासाठी घर केलं ते."

"मग घर तर दिलं आपण दुसऱ्याला," आई म्हणाल्या.

त्या जोडीनं आमच्या पेटीचा नाद सोडला नाही. रोज सकाळी यायची. निळा पेटीवर बसून पंख थरथरवायचा, निळी भोकाशी लटकून आत बघायची, आणि मग चिमणा कठड्यावरून तीरासारखा सुटायचा. आमचाच भात खाऊन त्यांच्यावर धावायचा. मी वेणीवाल्या बाईंना विचारलं तर त्यांनी न रागावता सगळं पुन्हा सांगितलं: चिमण्या पेटीसाठी निळ्यांना मारूनही टाकतात, अंडी नसतील तोवर काड्या काढून टाका, पेटी शेताच्या कडेला हलवा आणि मुख्य म्हणजे धान्य बंद करा. निळी पाखरं धान्य खात नाहीत, किडे खातात. त्यांना लळा लावायचाच असेल तर बाजारात पिठातल्या अळ्या मिळतात.

धान्य बंद करा! हे मी आईंना कोणत्या तोंडानं सांगणार होते? कठड्यावरचा भात म्हणजे आईंचं गरम जेवण, आणि आईंचं गरम जेवण म्हणजे जूनचं तिकीट. मी गप्प राहिले. मी आणि गप्प. नवऱ्यानं तर मला ताप आहे का विचारलं.

शेवटी सगळं आईंच्या डोळ्यांसमोर घडलं. निळी पेटीत शिरलेली. चिमणा तिच्या मागोमाग आत घुसला. पेटी आतून धडधडू लागली, जसं कुणी लहान मुठींनी दार वाजवतंय. मी चपला न घालता धावले. मी पोचण्याआधीच निळी बाहेर पडली, विस्कटलेली, आणि वेडीवाकडी उडत कुंपणाच्या तारेवर जाऊन बसली. तिच्यामागून भोकातून एक पीस बाहेर आलं. ते खाली यायला तयारच नव्हतं. वारा नव्हता, तरी ते तरंगत राहिलं, एवढंसं निळं, आणि काचेआडून आई त्याच्याकडे बघत राहिल्या, ते गवतावर टेकेपर्यंत.

मी आत आले.

"तुला ठाऊक होतं," आई म्हणाल्या.

"हो."

"मग बोलली का नाहीस? बोलायला तर तुला कधी मुहूर्त लागत नाही."

"तुमचा घास बंद झाला असता, आई."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. बराच वेळ मिठाच्या वाटीतलं मीठ सारखं करत राहिल्या. मग चिमण्यांबद्दल विचारलं. मी सांगितलं की त्याही मूळच्या इथल्या नाहीत, फार पूर्वी कुणीतरी समुद्रापलीकडून आणून सोडल्या.

"म्हणजे आपल्यासारख्याच."

"आपण कुणाला घरातून काढलं नाही, आई."

आईंनी मान वळवून शेताकडे पाहिलं, पार कडेपर्यंत, जणू ते आधी कुणाचं होतं हे विचारावं की नाही असा विचार करत. माझ्या त्या वाक्यावर या देशात फार वेळ थांबू नये हे माझ्या लक्षात आलं आणि मी चहाचं आधण ठेवलं.

"अंडी आहेत का बघ आधी," त्या म्हणाल्या. "भरल्या घराला हात नाही लावायचा."

अंडी नव्हती. नुसत्या काड्या, लिंट आणि ती चिप्सची चिंधी. मी ते काढलं आणि नवऱ्यानं खांबासकट पेटी शेताच्या कडेला हलवली, मुखडा पूर्वेलाच. दुसऱ्या दिवसापासून कठडा रिकामा राहिला. आईंनी नियम मोडला नाही. पहिला घास वाटीत काढून त्या देवापाशी ठेवायच्या, काचेपाशी सवयीनं उभ्या राहायच्या, आणि मग गार जेवायच्या. चिमण्या आठवडाभर कठड्यावर येऊन आत बघत बसल्या; त्यांच्याशी नजर मिळवणं आम्हाला दोघींना जड गेलं. मग त्याही आल्या नाहीत.

मेच्या सुरुवातीला आईंनी कपाटावरची बॅग काढायला लावली आणि डेकवर उन्हात उघडी ठेवली. "बंद राहून वास येऊन राहिला," म्हणाल्या. मी त्या उघड्या बॅगेकडे बघून त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही.

अळ्या मी गुपचूप आणल्या. पाळीव प्राण्यांच्या दुकानात त्या गव्हाच्या कोंड्यात घालून मिळतात आणि थंड ठेवल्या की सुस्त पडून राहतात, म्हणून फ्रिजमध्येच ठेवायला सांगितलं. आता ज्या घरात केक खाण्याआधी अंड्याची चौकशी होते त्या घरच्या फ्रिजमध्ये अळ्या ठेवायच्या तर काही वेषांतर हवंच. मी त्या दह्याच्या मोठ्या रिकाम्या डब्यात ओतल्या. इथल्या कुठल्याही मराठी घराचा फ्रिज उघडा, दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असतं: वाटण, डोशाचं पीठ, काल उरलेली उसळ. तिथं आणखी एक डबा कुणाच्या डोळ्यांवर येणार? मी तो अगदी मागे सरकवला आणि ग्रोसरीला निघून गेले.

परत आले तर घर विलक्षण शांत होतं. आई काचेच्या दाराआड उभ्या होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी न वळता एक हात मागे करून मला थांबवलं, दुसरं बोट ओठांवर.

डेकवरच्या टेबलावर माझी कणीक मळायची परात होती. परातीत कोंडा पातळ पसरलेला, त्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा.

"तुझा रवा खराब झाला होता," आई कुजबुजल्या. "दही घ्यायला गेली तर ही तऱ्हा. फ्रिजमध्ये ठेवूनही केवढ्या अळ्या, बाई! जाडाभरडा आहे, पण टाकवेना. उन्हात घातला, म्हणजे निघून जातात. आणि आता बघ."

उन्हानं अळ्यांना जाग आली होती. साऱ्या परातीत एक बारीक, सोनेरी वळवळ चालली होती. आणि परातीच्या काठावर तो बसला होता, निळा. मान एका बाजूला कलती. त्यानं एक अळी उचलली आणि उडाला. शेताच्या कडेला पेटीच्या छपरावर निळी वाट बघत होती, तिच्या चोचीत त्यानं ती ठेवली, जसे आपल्याकडे नवे नवरा-नवरी एकमेकांना भरवतात. परत आला. पुन्हा गेला. मेच्या त्या उन्हात गवतावरून चांदीची पुसट झाक सरकत होती, कुठंतरी ट्रॅक्टर घुमत होता आणि तो इतक्या हलकेपणानं ये-जा करत होता की जणू आमच्या डेकपासून त्या पेटीपर्यंत कुणी एक निळा धागा शिवत बसलं आहे. आम्ही दोघी किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. माझ्या हातातली पिशवी ओली होऊन गोठवलेले मटार ठिबकायला लागले तेव्हा मी भानावर आले.

सांगावं की न सांगावं? मी खोट्याची कसबी बाई. पण परात त्यांनी मांडली होती. मी म्हटलं, "आई, तो रवा नाही. गव्हाचा कोंडा आहे."

"आणि अळ्या?"

"त्या मी आणल्या."

"आणल्या म्हणजे?"

"विकत."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. नागपूरच्या सगळ्या उन्हाळ्यांत सगळ्या बायकांनी परातीतून, सुपातून, चाळणीतून ज्या हुसकून लावल्या, त्या अळ्या मी दुकानात रांगेत उभी राहून आणल्या होत्या.

"अळ्या. विकत."

"हो."

"दह्याच्या डब्यात."

"हो."

"त्या डब्याची मी कढी करायला निघाली होती," आई म्हणाल्या, आणि वळून पानावर जाऊन बसल्या.

मला वाटलं आता बॅग भरतील. मी समोर बसले, शिव्या खायच्या तयारीनं. आईंनी भात कालवला. दुसरा घास त्यांच्या तोंडात गेला तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्यांच्या वरणातून वाफ येते आहे. देवापाशी वाटी नव्हती. त्या कशाचीही वाट न बघता जेवत होत्या, आणि बाहेर परात हळूहळू रिकामी होत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नवा चिमटा मागितला, फक्त यासाठीचा. डब्याच्या झाकणावर कुंकवाचा मोठा टिळा लावला, कढीचा घोळ पुन्हा व्हायला नको म्हणून. अळीलाही जीव असतो ना, असं मी मुद्दाम डिवचलं, तर म्हणाल्या, "ज्याचं अन्न त्याला. मी फक्त ताट मांडते. कावळ्यानं सकाळी काय खाल्लं हे मी कधी विचारलं होतं?" चिमण्यांचाही हिशेब त्यांनी ठेवला. ग्रोसरीच्या प्लाझात, जिथं ट्रॉल्या लावतात त्या आडोशाला, चिमण्यांची वस्ती आहे. शनिवारी आई माझ्याबरोबर येतात आणि रुमालातला भात तिथं ठेवतात. तिथून निळ्यांचं घर फार लांब आहे.

निळ्यांनी पेटीत गवताची बारीक, नेटकी वाटी केली. त्यात अंडी आली, फिक्या निळ्या रंगाची, काचेतून आभाळ पाहिल्यासारखी. नवऱ्यालाही नाद लागला. त्यानं बेसमेंटमध्ये दुसरी पेटी ठोकली आणि पहिलीच्या जवळच लावली. तीत स्वॅलो नावाच्या पाखरांची जोडी आली, आणि दोन बिऱ्हाडं एकमेकांशी अजिबात न बोलता सुखानं नांदू लागली.

जून लागला. तिकिटाबद्दल विचारायचा मला धीर होत नव्हता. आईच कधीतरी विचारायच्या, पिल्लं कधी निघतील, कधी उडतील. मी एकदा अगदी सहज, भाजीला फोडणी देता देता म्हटलं की निळ्या एका उन्हाळ्यात दोनदा अंडी घालतात. आई "हं" म्हणाल्या आणि भाजीत मीठ घातलंस का ते विचारलं.

मग एका सकाळी मी जिन्यावरून उतरत होते. खाली आई फोनवर होत्या, नागपूरच्या त्यांच्या धाकट्या बहिणीशी, स्पीकर लावून. मी अर्ध्या जिन्यावर थांबले. अशा वेळी थांबणं माझा धर्म आहे.

"नाही गं, जूनमध्ये कुठं येऊन राहिली मी," आई म्हणत होत्या. "मुलाला सांगितलं तिकीट बदल म्हणून. घरात बाळंतपण आहे."

पलीकडून मावशींचा आवाज, घाबरलेला: "कुणाचं गं?"

"भाडेकरणीचं. तिला दुसऱ्यांदाही राहणार आहे म्हणतात. तिचं सगळं कोण करेल इथं? आणि नवरा तिचा इतका लळा लावून राहिला, काय सांगू. दुपारी मी ताट मांडलं की तो येते, येऊन माझ्या तळहातावर बसते, आणि मी भरवल्याशिवाय जात नाही."

तळहातावर! तो आजवर परातीच्या काठाअलीकडे आलेला नाही, आणि त्या चिमट्यानंसुद्धा लांब उभ्या राहून वाढतात. पण आईंचा आवाज रंगला होता. निळ्याच्या छातीचा रंग त्यांनी संत्र्याचा केला होता, नागपूरच्याच, आणि शेतातलं धुकं आत घरापर्यंत आणलं होतं. मी जिन्याच्या पायरीवर बसले, हनुवटी गुडघ्यांवर टेकवली, आणि शेवटपर्यंत ऐकलं.

खोटं होतं, पण छान होतं.